न आलेल्या पाहुणीचा वृत्तांत

मी सदतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापिका म्हणून. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांत लाल खुणा केल्या की आपल्या हातून चूक होतच नाही असं माणसाला वाटू लागतं. निवृत्त झाल्यावर राजारामपुरीतल्या एका मंडळानं मला आपल्या मासिक पत्रकाचं संपादन करायला सांगितलं, तेव्हा मी जराही आढेवेढे घेतले नाहीत. हुकूम चालवायला कुणीतरी हवंच होतं. घरात नवऱ्यानं माझं ऐकणं सोडून बरीच वर्षं झाली होती.

मंडळाचं काम आंतरराष्ट्रीय मैत्री आणि शिक्षण. नाव मोठं, प्रत्यक्षात एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये जमणारी पंचवीस-तीस माणसं, त्यातल्या बायकाच जास्त. पहिल्या शनिवारी एखाद्या देशाची ओळख, तिसऱ्या शनिवारी इंग्रजी संभाषण, मधे कधीतरी परदेशातल्या मैत्रिणींशी व्हिडिओवर गप्पा, त्यातला निम्मा वेळ 'ऐकू येतंय का' विचारण्यात जायचा. इटलीच्या महिन्यात आम्ही पास्ता केला, त्याला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली आणि वर शेव भुरभुरली. इटली कुणीच पाहिली नसल्यामुळं तो सगळ्यांना आवडला. वर्षातून दोन-तीनदा खरोखरचा परदेशी पाहुणा यायचा आणि एखाद्या सभासदाच्या घरी दोन दिवस राहायचा. त्यासाठी वहीत पाळ्या लिहिलेल्या होत्या. वही वहीच्या जागी होती आणि पाहुणा दर वेळी अध्यक्षीणबाईंकडेच उतरायचा, कारण दवाखाना त्यांच्या नवऱ्याचा, हॉल त्यांचा आणि कमोडवालं न्हाणीघरही त्यांचंच.

पत्रक चार पानी, गुलाबी कागदावर. सभासदांच्या घरी टपालानं जायचं आणि दवाखान्यात खोकणाऱ्या पेशंटांच्या हातातही पडायचं. छापखानेवाल्याला मजकूर पंचवीस तारखेच्या आत लागायचा. त्यामुळं महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जे काही व्हायचं असेल, त्याचं वृत्त मी आधीच लिहून देत असे. यात मला काही वावगं वाटत नव्हतं. कार्यक्रम उत्साहात पार पडतो, पाहुणे भारावून जातात, शेवटी आभार मानले जातात, यात कधी बदल होतो का? बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. सहा वर्षांत एकाही वाचकाच्या हे लक्षात आलं नव्हतं, आणि याचा मला छुपा अभिमानही होता.

मंडळात एक आजऱ्याकडची बाई होती. पंचेचाळिशीची, दहावीत शाळा सुटलेली, ब्लाउज शिवणारी. नवरा शिरोलीच्या एका फौंड्रीत, उचगावच्या अंगाला दोन खोल्यांचं घर, घरात सासू. आमच्यातल्या एका गिऱ्हाइकाबरोबर ती एकदा आली आणि मग दोन वर्षांत एकही शनिवार तिनं चुकवला नाही. मला ती आवडत नव्हती, हे सरळच सांगते. जे ऐकायला कुणी आलेलं नसायचं, तेसुद्धा ती वहीत उतरवून घ्यायची. नॉर्वेच्या दिवशी तिनं विचारलं की तिथं घरी शिवणकाम करणाऱ्या बायका असतात का, आणि त्यांना शिलाई काय मिळते. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि माझं हसू सगळ्यांत मोठं होतं. ती आजऱ्याहून डबाभर काजू आणायची, ते मात्र कुणी हसण्यावारी नेलं नाही.

एका शनिवारी तिनं ती पाळ्यांची वही उघडली आणि पुढचं नाव आपलं असल्याचं दाखवलं. जर्मनीहून एक निवृत्त शिक्षिका येणार होती. अध्यक्षीणबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण वहीत लिहिलेलं नाकारायचं कसं? पाहुणी आजरेकरणीकडे ठरली.

तिच्या दृष्टीनं हे साधं यजमानपण नव्हतं. घरी सासू तिच्या शनिवारांना थेरं म्हणायची. नवऱ्यानं सांगून ठेवलं होतं की दोन वर्षं झाली, आता यातून काय निघालं ते दाखव, नाहीतर शनिवारीही मशीनवर बस. हे तिनं स्वतः मला सांगितलं, पदरानं तोंड पुसत. पाहुणी एकदा घरात राहून गेली की तिचे शनिवार कुणी बंद करणार नव्हतं.

तिनं तयारी केली ती अशी. आजऱ्यात पुतण्याचं लग्न होतं, तिकडं सासूला आणि नवऱ्याला तीन दिवस धाडलं, म्हणजे पाहुणीला एक खोली स्वतंत्र मिळेल. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला ती स्वतः गेली नाही. भिंतींना रंग दिला, चादर शिवली, नवा टॉवेल आणला. जेवणात काय करावं हे विचारायला माझ्याकडे आली. घावन, काजूची उसळ आणि तिकडच्या घनसाळ तांदळाचा भात, एवढं ठरलं. तिनं सांगितलेलं मी पंचवीस तारखेच्या मजकुरात घालून टाकलं. पाहुणीनं उसळ दोनदा मागून घेतली, सकाळी दारात रांगोळी काढायला शिकली आणि निघताना 'हे माझ्या लेकीचं घर' असे उद्गार काढले, हे सगळं मी एका बैठकीत लिहिलं. चांगलं जमलं होतं.

पाहुणी यायच्या दिवशी दुपारी अध्यक्षीणबाईंचा फोन आला. तिकडच्या गल्लीत गाडी जात नाही, न्हाणीघर घराबाहेर आहे आणि पाहुणीचा गुडघा दुखतो, म्हणून तिला आपल्याकडेच उतरवून घेते, असं त्या म्हणाल्या. गुडघ्याचं खोटं होतं. दुसऱ्याच दिवशी ती बाई जोतिबाच्या पायऱ्या माझ्यापुढं चढून गेली. खरं कारण असं की अध्यक्षीणबाईंच्या लेकीला पुढच्या शिक्षणाला जर्मनीला जायचं होतं. हे मला माहीत होतं. वहीतल्या पाळीची आठवण करून द्यायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, बरं झालं, माझ्याही मनात तेच होतं.

आजरेकरणीला कळवायचं काम माझ्यावर आलं. मी दुपारची झोप काढली, चहा घेतला, आणि फोन केला तर ती रडेल म्हणून सहा वाजता मोबाइलवर निरोप टाकला, की पाहुण्यांची प्रकृती ठीक नसल्यानं मुक्कामात बदल झाला आहे. निरोप वाचल्याच्या खुणा लगेच निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. छापून तयार असलेलं पत्रक मी साफ विसरले होते.

चार-पाच दिवसांनी ती माझ्या दारात उभी राहिली, हातात गुलाबी पत्रक. पण ती हसत होती. सासू आणि नवरा आजऱ्याहून परतले तेव्हा पाहुणी आलीच नाही हे सांगायची तिला लाज वाटली होती. ती उशिरा गाडीनं आली आणि भल्या पहाटे गेली, असं ती बोलून गेली. बोलल्यावर रडकुंडीला आली, आणि तेवढ्यात टपालानं पत्रक येऊन पडलं. नवऱ्यानं ते दोनदा वाचलं आणि फौंड्रीत दाखवायला नेलं. सासूनं कितीतरी दिवसांनी तिला नावानं हाक मारली.

"बाई, माझी लाज राखायला तुमी येवढं लिवलासा," ती म्हणाली. "कोण करतंय वो येवढं."

माझी चूक तिला माझी माया वाटली होती. मी तिला खरं सांगितलं नाही. अगं, असू दे, असं काहीतरी मोठेपणानं म्हणाले आणि तिनं आणलेला काजूचा डबा ठेवून घेतला.

पुढच्या अंकाच्या वेळी अध्यक्षीणबाई हटून बसल्या. त्यांच्या जेवणाच्या टेबलावरचा पाहुणीचा फोटो छापायचा होता, आणि मुक्काम कुणाकडे झाला हे लेकीच्या अर्जासाठी कागदावर स्वच्छ यायला हवं होतं. मी दुरुस्ती लिहिली. आजरेकरणीला ते कुणाकडून तरी कळलं आणि ती धावत आली. तेवढं राहू द्या, फोटो छापा पण मागचं खोडू नका, असं तिनं हात जोडून सांगितलं. मी तिला पत्रकाच्या विश्वासार्हतेवर पाच मिनिटं ऐकवलं. विश्वासार्हता! आज लिहितानाही मला स्वतःची शिसारी येते. त्या दिवशी मात्र मला वाटलं होतं की मी तत्त्वाला धरून आहे. 'मागील अंकात अनवधानाने चुकीचा मजकूर गेला. पाहुण्यांचा मुक्काम अध्यक्षांच्या निवासस्थानी होता. वाचकांनी दुरुस्त करून घ्यावे.' एवढंच छापलं, चौकटीत.

मला वाटलं होतं, घरी चार दिवस तिची टिंगल होईल आणि शनिवार बंद पडतील. पण गोष्ट तिथं थांबली नाही. नवऱ्यानं दोन्ही अंक शेजारी शेजारी ठेवले. जर्मनीची बाई आली नव्हती, तर त्या रात्री घरात होतं कोण? सासूनं शेजारणीला गाठलं. शेजारीण म्हणाली, गोरी बाई काही दिसली नाही, पण सकाळी ही नळावर दोन ताटं घासत होती.

ती तिसऱ्यांदा आली तेव्हा बसली नाही. पाहुणी यायची त्या संध्याकाळी तिचं आणि आपलं अशी दोन ताटं आपण वाढून ठेवली होती, असं तिनं सांगितलं. माझा निरोप आल्यावर ते अन्न टाकवेना, म्हणून सकाळी दोन्ही ताटांतलं तिनंच खाल्लं. घरी हे कुणी मानत नव्हतं. सासरे नाहीत, दीर आजऱ्याहून येणार होता, माहेरच्यांना बोलावून घ्यायची भाषा चालली होती.

"तुमी येऊन येवढंच सांगा की बाई, की तुमी आधीच लिवून ठेवता," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील ते. मास्तरीण हायसा तुमी."

मी रविवारी येते म्हणाले, आणि गेले. रिक्षात वाक्यं जुळवत होते. पत्रक आधी लिहावं लागतं, त्यातलं सगळं मी माझ्या मनानं लिहिलं होतं, यांचा यात काही दोष नाही. तीन वाक्यं. शाळेतल्या पोरीनंसुद्धा पाठ करून धडाधड म्हणून दाखवली असती.

नवरा अदबीनं वागला. खुर्ची पुसून दिली. सासू कॉटवर बसली होती. दारात शेजारीण उभी होती, तिनं मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, बाई, ओळखलं का, आठवीला तुमच्या वर्गात होते. मी ओळखलं नाही, पण ओळखल्यासारखं केलं. बाई वर्गात खोटं बोलणाऱ्याला उभं करायच्या, असं ती कौतुकानं सासूला सांगू लागली.

नवऱ्यानं पहिला अंक माझ्यापुढं धरला.

"मॅडम, ह्ये तुमीच लिवलासा न्हवं? मग ती बाई आलीच न्हवती, तर उसळ मागून घेतली, लेकीचं घर म्हणाली, ह्ये तुमास्नी सांगितलं कुणी?"

ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर चहाचा कप घेऊन उभी होती. माझ्याकडेच बघत होती. मी उत्तर द्यायला फार वेळ घेतला नाही. त्या शेजारणीसमोर, सहा वर्षं मी मनचं छापत आले, हे माझ्या तोंडून निघेना.

"यांनी मला जे सांगितलं, तेच मी लिहिलं," मी म्हणाले.

घावन, उसळ आणि भात तिनंच मला सांगितला होता, एवढ्यापुरतं ते खरं होतं. बोलताना मी त्या खरेपणाला घट्ट धरून बसले होते. ती आता ओरडेल, माझा निरोप मोबाइलवर काढून दाखवेल, असं मला वाटलं, आणि मी त्यावरचं उत्तरही मनात तयार केलं. अशा वेळी माझी बुद्धी फार चपळ चालते.

तिनं कप माझ्यासमोर ठेवला. मग सासूकडे वळून म्हणाली, "बाई खोटं बोलायच्या न्हाईत."

ती हे कशी म्हणाली, ते मला अजून ठरवता येत नाही. आवाजात राग नव्हता. सासूनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मी चहा घेतला, पूर्ण घेतला, कारण अर्धा ठेवणं बरं दिसलं नसतं.

नवरा मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. त्यानं रिक्षा थांबवली आणि मी बसेपर्यंत आडव्या दांडीला हात लावून उभा राहिला.

"उपकार झालं मॅडम, तुमी आलासा," तो म्हणाला. "न्हाईतर खरं कळलं नसतं. आता तिचं काय ते मी बघतो."

मी त्याला असू द्या म्हणाले आणि रिक्षावाल्याला राजारामपुरी सांगितलं.