फक्त डबा द्यायला

ती लिफ्टवाल्याची मुलगी. पंधराव्या वर्षापासून बापाबरोबर इमारतींच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनरूममध्ये दुरुस्तीला जायची. सगळे वॉचमन तिला 'पाना' म्हणायचे, कारण पाना कायम तिच्याच हातात. बापाचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे शिडी हीच चढायची. ब्रेक हीच बसवायची, लिफ्टच्या पोलादी दोरावर चिंधी फिरवून तुटकी तार हीच शोधायची. कामाच्या नोंदवहीत सही मात्र बापाची, कारण लायसन्स बापाचं.

सरकारी इन्स्पेक्टर तपासणीला आला की काय म्हणायचं हे घरात घोटून घेतलं होतं : "मी फक्त बाबांचा डबा द्यायला आलेय." कोपरापर्यंत ग्रीस, आणि म्हणे डबा! इन्स्पेक्टर काही आंधळा नव्हता, पण कानाडोळा करायचा.

त्याच वाक्याने तिचा घात केला. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या मुलाखतीपर्यंत ती पोचली होती. टेबलापलीकडे टायवाले प्राध्यापक, हातात इन्स्पेक्टरसारखीच फाईल. त्यांनी विचारलं, "वडील लिफ्ट दुरुस्त करतात ना? तू कधी हात लावलायस कामाला?" फाईल बघितली आणि तिचं तोंड आपोआप चालू झालं. "नाही सर, मी फक्त डबा द्यायला जाते." सर हसले. नकाराच्या पत्रात कारण होतं : प्रत्यक्ष कामाचा अनुभव नाही.

अनुभव नाही! तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. वर्षभर ती धुमसत राहिली. स्वतःवर, त्या हसणाऱ्या सरांवर आणि सगळ्यात जास्त बापावर. पुन्हा अर्ज करता येत होता, पण एकदाच, आणि या वेळी अनुभवाचा लेखी पुरावा जोडायचा होता.

"तुम्ही लिहून द्या," ती बापाला म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? पंधरा वर्षांच्या पोरीला शाफ्टमध्ये उतरवली, असं माझ्याच सहीने लिहून देऊ? लायसन्स जाईल माझं."

"आणि माझी चार वर्षं गेली ती? राबले मी आणि नाव तुमचं! त्या वह्यांमध्ये मी आहे कुठे?"

"अगं, हळू बोल," आई मध्ये पडली. "इथल्या कॉलेजातही मुलं शिकतातच की."

"तूही त्यांचीच! खोटं बोलायला तर दोघांनी मिळून शिकवलंत." तिने हातातला पाना असा आपटला की फरशीचा टवका उडाला. बाप चपला घालून निघून गेला. महिनाभर तो तिच्याशी एक अक्षर बोलला नाही आणि तिला कामालाही नेलं नाही. तिने मनात म्हटलं, गेले उडत. अर्जाच्या शेवटच्या तारखेला तीनच दिवस उरले.

त्या दुपारी बाप आला आणि त्याने एक कागद तिच्या पुढ्यात फेकला. सरकारी कागद, खाली गोल शिक्का. बाप स्वतःहून इन्स्पेक्टरच्या ऑफिसात गेला होता आणि सगळं कबूल करून आला होता. ऑफिसने वह्या मागवल्या, बारा इमारतींच्या लिफ्ट तपासल्या आणि हुकूम काढला : लायसन्स तीन महिने निलंबित, कारण परवाना नसलेल्या मुलीने चार वर्षे ब्रेक, दोर व दारांची कामे केली. त्याखाली एक ओळ होती : तपासणीत सदर कामात एकही दोष आढळला नाही.

ती ओळ तिने दोनदा वाचली. मग तिचा संताप पुन्हा उसळला. "मला विचारलंत? तीन महिने घर कशावर चालायचं? छप्पन्नाव्या वर्षी त्या लोकांसमोर मान खाली घालून उभं राहायची काय गरज होती?"

"पुरावा हवा होता ना तुला?" बाप ओरडला. "मी लिहून दिलं असतं तर म्हणाले असते, बापच तो, लेकीचं कौतुक करणारच. आता सरकारने लिहून दिलंय. घराचं माझं मी बघतो. तू तो फॉर्म भर. आणि या खेपेला कोणी विचारलं तर तोंड वर करून सांग, मी केलंय म्हणून!"

ती रागाने रडत होती आणि रडतच तिने तो हुकूम अर्जाला जोडला.