शालनकाकींची वाट

टेंपोत शेवटी आईचं शिलाई मशीन चढलं, तेव्हा टेंभुर्णीच्या आमच्या गल्लीतल्या बहुतेक सगळ्या जणी दारात उभ्या होत्या. तुम्ही माझी ओटी भरलीत. आईच्या पिशवीत शेंगांची चटणी, कडक भाकऱ्या, कुणी घरचं तूप घातलंत. आईनं तिचे तांब्याचे हंडे आदल्याच दिवशी वाटून टाकले होते, कारण मीच तिला सांगितलं होतं, फ्लॅटमध्ये टाकी असते, हंडे कशाला? आणि मी तुम्हाला बजावत होते, "महिन्याभरात ताबा मिळतोय. वास्तुशांतीला सगळ्यांनी यायचं, कारणं सांगायची नाहीत."

त्यानंतर सहा-सात महिने मी तुमचे फोन घेतले नाहीत. त्याचं कारण आज लिहिते आहे. तुमच्यासाठी, आणि माझ्यासारख्या गाव सोडून शहरात घरं केलेल्या बाकीच्या पोरींसाठीही.

सगळ्यांना माहीत असलेलं आधी सांगून टाकते. आमचं चार खोल्यांचं घर बाबांनी नाक्यावर ट्रकची पंक्चरं काढून बांधलं. मी एकुलती एक. लग्न होऊन सोलापूरला गेले, कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला लागले, वीस वर्षं भाड्याच्या घरात काढली. बाबा गेल्यावर आई एकटी पडली. तिचे गुडघे दुखायचे. टेंभुर्णीचं घर विकून जुळे सोलापुरात तळमजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा आणि आईला कायमचं आणायचं, असं मी आणि ह्यांनी ठरवलं. आई पहिल्यांदा नको म्हणाली, मग गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याला मी होकार समजले.

आमच्या घरामागं शालनकाकींच्या दोन खोल्या. त्यांच्या दारातून रस्त्याला यायचं तर आमच्या अंगणातूनच यावं लागतं. नाहीतर मागच्या ओढ्याच्या उतारावरून, काट्याकुट्यातून. काकींचे मिस्टर लवकर गेले, तेव्हा बाबांनी त्यांना शब्द दिला होता, "वयनी, ही वाट तुमचीच. हितनं तुमाला कुनी अडवनार न्हाय." कागद काही केला नव्हता. गल्लीत कागद कोण करतं?

घर घेणारे गृहस्थ बी-बियाणांचे दुकानदार होते. त्यांना अंगणाच्या कडेपर्यंत गोदाम बांधायचं होतं. विसार देताना त्यांनी विचारलं, "कुणाची वहिवाट वगैरे नाही ना?" मी म्हणाले, "छे हो. काही नाही."

एवढंच बोलले. आणि आईला सांगितलं की वाटेचं त्यांच्याशी बोलून घेतलंय.

टेंपो निघायच्या वेळी काकी पुढं आल्या आणि आईला हळूच म्हणाल्या, "माज्या वाटेचं काय गं?"

"नंदानं सांगितलंय की त्येस्नी," आई म्हणाली. "तू कशाला काळजी करतीस?"

मी टेंपोची दोरी घट्ट आहे का ते बघत राहिले.

ताबा मिळेपर्यंत आम्ही जुळे सोलापुरातच दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. महिन्याभराचाच प्रश्न होता. ऑफिसात मी पेढे वाटले. दुपारच्या सुट्टीत मैत्रिणींना फ्लॅटचे फोटो दाखवले, स्वयंपाकघराच्या फरशीचा रंग कोणता घ्यावा यावर त्यांची मतं घेतली.

खरेदीखताच्या आदल्या दिवशी त्या गृहस्थांनी जागा मोजायला बोलावलं. आईची सही लागणार होती म्हणून तीही आली. टेप धरून मोजणी चालू असताना काकी शेळीसाठी पाला घेऊन अंगणातून आत आल्या. ते गृहस्थ थांबले. "या बाई हितनं कशा?"

"शेजारच्या आहेत," मी पटकन म्हणाले. "आईला भेटायला आल्यात."

"भेटायला कशापायी?" आई म्हणाली. "वाट हाय तिची. आमच्या मालकानी शब्द दिलाय. नंदा, तू सांगितलंस न्हवं ह्येस्नी?"

त्या गृहस्थांनी टेप गुंडाळली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, आधी बोलला असता तर बसून मार्ग काढला असता. आता तुमच्या कुठल्या शब्दावर सही करू?" विसार परत घेऊन ते गेले.

ते गेल्यावर मी जे केलं, ते तुमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. पाहिलं ते फक्त काकींनी. मी आईवर ओरडले. "तुला कुणी विचारलं होतं? एक दिवस तोंड बंद ठेवता आलं नाही?" सत्तरीची माझी आई, स्वतःच्या अंगणात, शेजारणीसमोर. काकींनी पाल्याचा भारा उचलला आणि आमच्या अंगणातून पुढं न जाता त्या मागं वळल्या, रस्त्यावर गेल्या, आणि लांबून ओढ्याकडं निघाल्या. ते मला दिसत होतं. मी हाक मारली नाही.

पैसे वेळेत न भरल्यामुळं फ्लॅट दुसऱ्याला गेला. महिन्याभराच्या त्या दोन खोल्या आमचं घर झाल्या. जिना उतरणं आईला जमेना. टेंभुर्णीत दिवसातून दहा वेळा रस्त्यावर येणारी बाई आता गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या रिक्षा बघत बसायची. पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. साठवायला काहीच नव्हतं, म्हणून मी प्लॅस्टिकचे ड्रम आणले. पहिल्यांदा ते भरताना आईनं ड्रमच्या कडेवरून हात फिरवला आणि आत निघून गेली. हंड्यांचं नाव तिनं काढलं नाही.

ऑफिसात रोज कुणीतरी विचारायचं, "वास्तुशांत कधी?" मी म्हणायचे, मुहूर्त नाही. मग म्हणायचे, बिल्डरचं काम अडलंय. मग मी डबा टेबलावरच खायला लागले. त्या इमारतीवरून जायला नको म्हणून स्कूटर मोठ्या फेऱ्यानं न्यायचे. तिच्या तळमजल्याच्या खिडकीला हिरवे पडदे लागल्याचं तरीही मला माहीत होतं, म्हणजे कधीतरी मी तिथं गेले असणारच. आणि गल्लीतून फोन आला की मी तो वाजू द्यायचे. व्यवहार मोडला ही लाज नव्हती, व्यवहार सगळ्यांचे मोडतात. कसा मोडला हे कुणीतरी विचारेल, याची भीती होती.

दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी घरी आले तर आई फोन मांडीवर ठेवून बसली होती. म्हणाली, "शालन ओढ्यात पडली. मनगट मोडलंय."

"ओढ्यात कशाला गेल्या?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. "त्या दिवसापासनं ती आपल्या अंगणातनं जातच न्हाय."

घर रिकामं होतं. फाटकाला कुलूपसुद्धा नव्हतं. तरी सहा महिने ती बाई उतारावरून जात येत होती, कारण मी तिच्यासमोर तोंड उघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एकटी टेंभुर्णीला गेले. तुमच्यापैकी कुणी भेटू नये म्हणून ओढ्याकडूनच गेले. चप्पल दोनदा निसटली. काकी दारात बसल्या होत्या, हाताला प्लॅस्टर. त्यांनी उठून एका हातानं चहा टाकला. मी करते म्हणाले तर म्हणाल्या, "पावनी हायस, बस."

पाहुणी हा शब्द मला लागला, आणि तो तसा लागायलाच हवा होता.

"काकी, माझं चुकलं."

"चुकलं खरं," त्या म्हणाल्या. समजूत काढली नाही. चहाचा कप माझ्यापुढं ठेवत बोलल्या, "वाटंचं मला एवढं न्हाय गं. पायाला सवय झाली असती. पर माज्यापायी तू आईला तसं बोललीस. मग त्या अंगणात पाय ठेवायचा कसा मी?"

परत येताना मी गल्लीतून आले. दोघी-तिघी भेटल्यात, आठवत असेल. फ्लॅटचं विचारलंत आणि मी पहिल्यांदा म्हणाले, "नाही झाला. माझ्याच चुकीनं नाही झाला." ऑफिसातही सांगितलं. एकजण म्हणाली, "अगं, आम्हाला केव्हाच कळलं होतं." म्हणजे इतके महिने त्या सगळ्या माझं खोटं ऐकून घेत होत्या.

मग वकिलाकडं जाऊन काकींच्या वाटेचा कागद केला, नोंदणी केली. बी-बियाणांच्या दुकानातही गेले. त्यांनी दुसरी जागा घेतली होती. माफी मागितली तेव्हा त्यांनी मान हलवली आणि गिऱ्हाइकाकडं वळले. घर पुढं एका मास्तरांनी घेतलं. वाटेसकट, त्यामुळं कमी भावात. सोलापुरात आम्हाला जे मिळालं ते आधीच्या फ्लॅटच्या निम्मं असेल, एक खोली आणि स्वयंपाकघर, विजापूर रोडपासून बरंच आत. पण तळमजल्यावर आहे. आई सकाळी दारात शिलाई मशीन टाकून बसते आणि आता कॉलनीतल्या बाया तिच्याकडं फॉल-पिको घेऊन येतात.

वास्तुशांतीला तुम्ही जीप करून आलात. काकी आल्या नाहीत. शेळी व्यायला झालीय, असा निरोप पाठवला. मी तो खरा मानते.

आता टेंभुर्णीला गेले की मास्तरीणबाई मला फाटकातून आत या म्हणतात. माझ्या बापाच्या अंगणात माझा आता कसलाच हक्क नाही. तिथून हक्कानं जातात त्या फक्त शालनकाकी. त्यांच्याकडं जायचं म्हणून मीही त्यांच्या वाटेनं जाते.

गेल्या महिन्यात सगळं आवरून आम्ही दोघी दारात बसलो होतो. मी आईला विचारलं, "तू मला त्या दिवसाबद्दल कधीच काही बोलली नाहीस. एक शब्द नाही."

आई काज करत होती. मान वर न करता म्हणाली, "बोलले असते तर तू भांडली असतीस. भांडून मोकळी झाली असतीस."

मी अजून मोकळी झालेली नाही. जिथं आईजवळ राहून हे ओझं पेलायचं, त्याला आता मी घर म्हणते.