बॅनरवरचा रॉकेट शास्त्रज्ञ

परवा रविवारी माझा नवरा अर्ध्या तासासाठी रॉकेट शास्त्रज्ञ झाला. इकडे उत्तरेत, गोमती नगरमध्ये, आमच्याच सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये. तो बँकेत आहे.

रॉकेटचं काम मी केलंय. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं, दक्षिणेत, द्रव इंधनावर चालणाऱ्या लिक्विड इंजिनाच्या टेस्टिंगमध्ये. माझ्याकडे व्हॉल्व्हची गळती तपासायचं काम होतं. व्हॉल्व्हमध्ये हेलियम भरायचा आणि तो कुठून निसटतोय का ते शोधायचं... दिवसचे दिवस तेच. फार आवडायचं मला.

चांद्रयान उतरलं त्या दिवसाची आठवण म्हणून सोसायटीने मुलांसाठी कार्यक्रम ठेवला होता. मुलांशी रॉकेटवर बोलाल का, असं सेक्रेटरी मिश्राजींनी लिफ्टमध्ये मला विचारलं, मी हो म्हटलं. आठवडाभर तयारी केली. सायकलवरून रॉकेटचा भाग नेतानाचा तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. मला त्याच्या मागचं-पुढचं सांगायचं होतं... म्हैसूरच्या सैन्याची लोखंडी नळीची रॉकेट्स, ती नळी लोखंडाची असण्याने काय फरक पडला, आजचं इंजिन स्वतःच्याच उष्णतेने वितळत कसं नाही. स्लाइड्स केल्या, फुगे आणले.

क्लबहाऊसमध्ये शिरले तर समोर बॅनर. 'मुख्य वक्ता : प्रसिद्ध रॉकेट वैज्ञानिक' आणि त्याखाली माझ्या नवऱ्याचं, रवीचं नाव, सोसायटीच्या ग्रुपवरून उचललेल्या फोटोसकट.

मला वाटलं, मिश्राजींचा काहीतरी घोटाळा झालाय. ते हसत म्हणाले, "भाभीजी, हमने सोचा भाईसाहब बोलेंगे, आप साथ में मदद कर दीजिएगा. अच्छा, ज़रा बच्चों का नाश्ता भी देख लीजिए."

मी रवीकडे पाहिलं. तो आता खुलासा करेल, अशी वाट पाहिली. तो माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. सगळे बसलेत, उगाच सीन कशाला? तुझ्या स्लाइड्स आहेतच, मी वाचतो."

आणि गेला की स्टेजवर. हार घातला त्याला. टाळ्या झाल्या.

मी तिसऱ्या रांगेत बसून होते, मांडीवर फुग्यांची पिशवी घेऊन. मिश्राजींचा राग नव्हता आला असं नाही, पण ते परके. हा माझ्याबरोबर राहतो. टेस्ट पुढे ढकलली की मी घरी येऊन किती चिडायचे, ते यानेच पाहिलंय...

स्लाइड्स तो ठीक वाचत होता. मग एका मुलीने विचारलं, रॉकेट वर जातं कसं? ते काही स्लाइडवर नव्हतं. रवी आत्मविश्वासाने म्हणाला, "बेटा, गैस नीचे की हवा को धक्का देती है, तो रॉकेट ऊपर जाता है."

मी उठले. ठरवून नाही... उठलेच. स्टेजवर जाऊन त्याच्या हातातून माईक घेतला आणि मुलांना सांगितलं की हे चूक आहे. चंद्राजवळ हवाच नाही, मग तिथे रॉकेट कशाला धक्का देणार? फुगा फुगवून सोडला. आतली हवा मागे फेकली जाते आणि ते फेकणंच फुग्याला पुढे ढकलतं. बाहेरच्या हवेची मदत होत नाही, उलट ती आडवी येते.

मग म्हटलं, "हे मला माहितीये, कारण हे काम मी केलंय. यांनी नाही." हिंदीत म्हटलं, म्हणजे सगळ्यांना नीट कळावं.

पुढचा अर्धा तास मीच बोलले. एका टेस्टच्या आदल्या दिवशी व्हॉल्व्ह किंचित गळत होता, टेस्ट थांबवली म्हणून सगळे माझ्यावर वैतागले होते, आणि व्हॉल्व्ह उघडला तर आत केसाएवढा धातूचा कीस अडकलेला निघाला... तेही सांगितलं. मुलं हलली नाहीत जागची.

शेवटी खन्ना आंटींनी हात वर केला. तळमजल्यावर राहतात, सत्तरीच्या आहेत. म्हणाल्या, "इतना अच्छा काम था बेटा, तो छोड़ क्यों दिया?"

मी खरं ते सांगितलं. "इनका तबादला हो गया था. हम दोनों में से नौकरी कौन छोड़ेगा, इस पर कभी बात ही नहीं हुई."

रवी गळ्यातला हार काढून हातात धरून उभा होता.

घरी आल्यावर म्हणाला, "सगळ्यांसमोर बोलायची गरज होती का?"

"शास्त्रज्ञ तू सगळ्यांसमोरच झालास ना?" मी म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला, कारण तो लावणारं दुसरं कोणी नव्हतं.

काल सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मिश्राजींचा मेसेज आला. भाईसाहबांचं व्याख्यान उत्तम झालं, भाभीजींनीही दोन शब्द सांगितले. दोन शब्द... मी उत्तर टाइप करत होते, तेवढ्यात त्याखाली रवीचा मेसेज दिसला. 'ग़लती मेरी थी. वैज्ञानिक मेरी पत्नी मेधा हैं. मुझे मंच पर जाना ही नहीं चाहिए था.'

मी त्याला असं लिहायला सांगितलं नव्हतं. तो पलीकडच्या खोलीत बसून लिहीत होता.

राग गेला का? नाही. एवढ्या वर्षांचा एका मेसेजने जात नाही, आणि ही पोस्ट मी त्याला न विचारताच टाकतेय. पण खन्ना आंटींचे आभार मानायचेत. माझ्या घरच्यांनी, माहेरच्यांनी, सासरच्यांनी, मी स्वतःसुद्धा जो प्रश्न कधी विचारला नाही, तो त्यांनी समोसा खाता खाता विचारला.

पुढच्या वर्षी रवीची बदली होईल असं म्हणतात. या वेळी त्यावर बोलणं होणार, सामान बांधायच्या आधी. आणि ते मी सुरू करणार आहे.