उडीआधीची लंगडी

मंडळी, आज रिसोडला शालेय स्पर्धेत माझ्या लेकीची, गौरीची लांब उडी होती. ती बराच वेळ खाली बसून पाय ताणत होती. पहिल्या दोन्ही उड्या आखूड पडल्या. शेवटची एकच उरली.

मला रिठदच्या शाळेतल्या आमच्या बाई आठवल्या. उडीआधी त्या आम्हाला बसूच देत नसत, पाय गरम राहावेत म्हणून लंगडी घालायला लावत.

"गौरे, ऊठ. चाल, लंगडी घालू."

"आई, लोकं पाहून राह्यले ना!"

"पाहू दे."

पदर खोचून मीही तिच्यासोबत लंगडी घातली. दोघी घामाघूम, हसून बेजार. मग ती धावली आणि अशी उडाली, की जिल्ह्यासाठी निवड झाली!

परतताना बसमध्ये तिनं विचारलं, "आई, तू उडी काहून सोडली वं?"

मंडळी, तुमचा कोणता खेळ असा सुटला?