मिरच्यांची दृष्ट

मिरचीच्या रोपांची दृष्ट काढायची, आणि तीही मिरच्यांनीच, हे पाहून एरवी मी हसून लोळले असते. पण त्या दिवशी मी रोपांवरून नजर काढत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी रोपं अबू धाबीला न्यायची होती.

सासरे गेल्यावर आम्ही सासूबाईंना, म्हणजे आईंना, सांगलीहून दुबईला, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. सुरुवातीला त्या रोज एकच विचारायच्या, "मला परत कधी सोडताय?" मग एकदा त्यांनी घरून आणलेल्या वाळक्या मिरचीचं बी दह्याच्या रिकाम्या डब्यात टाकलं. रोपं वर आली आणि प्रश्न बंद झाला. मी मनाशी ठरवूनच टाकलं की रोपं आहेत तोवर आई इथं आहेत. बीपीचा त्रास असलेल्या बाईनं सांगलीच्या घरात एकटीनं राहायचं, या विचारानंच माझी झोप उडायची.

पण आमच्या खिडक्या उघडत नाहीत. काचेमागे, एसीत, रोपं नुसती उंच गेली. फुलं यायची आणि गळून पडायची. आई ती वेचून हातात घेऊन बसायच्या. शेवटी आमच्या ओळखीच्या आपांनी मार्ग काढला. आपा मूळच्या रत्नागिरीच्या, लग्न होऊन इकडे आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांच्या नवऱ्याचं अबू धाबीच्या मुसफ्फा भागात वेल्डिंगचं वर्कशॉप. त्यांनी अंगणात पाइप जोडून छोटं ग्रीनहाउस उभं केलं होतं, एका बाजूला पंखा आणि समोर कूलरसारखी ओली जाळी. "मार्चमध्येच आणा," आपा म्हणाल्या, "मे लागला की रोप रस्त्यातच शिजेल."

तर दृष्ट. ओवाळलेलं मीठ आणि मिरच्या विस्तवात टाकायच्या असतात. मागे आईंनी नातीची दृष्ट काढून मिरच्या गॅसवर जाळल्या तेव्हा स्मोक अलार्म वाजून सिक्युरिटीवाला दारात उभा राहिला होता. म्हणून या वेळी त्यांनी मिरच्या कागदात गुंडाळल्या, मीठ पेलाभर पाण्यात टाकलं आणि पेला रोपांशेजारीच ठेवला, सकाळी खाली जाऊन ओतायला.

सकाळी नवऱ्यानं तो पेला उचलला आणि सगळ्यात मोठ्या रोपाच्या बुडाशी रिकामा केला.

"अहो, ते दृष्टीचं मीठ होतं!"

"मला काय माहीत? म्हटलं निघायच्या आधी पाणी घालावं."

मी ती कुंडी बाथरूमच्या नळाखाली धरली. पाणी खालून निथळत होतं तरी नळ बंद करवेना. "मम्मा, चिल! दे आर जस्ट प्लँट्स," लेक म्हणाली, आणि मी तिच्यावर खेकसले. आई दारात उभ्या होत्या.

गाडीत मोठं रोप त्यांच्या मांडीवर होतं. मी वाटभर एसी कमी कर, जास्त कर, हेच करत होते. ग्रीनहाउसमध्ये ठेवल्यावर दुपारी सगळ्यांचीच पानं लोंबायला लागली. "घाबरू नका आई," आपा म्हणाल्या, "नवी जागा आहे. इन्शाल्ला सगळी जगतील." आईंनी खुर्ची मागवून घेतली आणि निघेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

त्यानंतर आपा मला रोज व्हिडिओ पाठवायच्या. बाकीची रोपं सावरली, पण मिठाच्या पाण्याचं रोप पानं टाकायला लागलं. "आईंना सांगू नका," मी आपांना विनवलं. संध्याकाळी आई विचारायच्या, "मोठं कसं आहे गं?" मी भाकरीकडे बघत सांगायची, "छान आहे."

एप्रिलमध्ये त्यांनी हट्टच धरला तेव्हा नेलं. मी आधीच घामाघूम. आई थेट त्या पानं गळालेल्या मोठ्या रोपाकडे गेल्या, नखानं खोड खरवडलं. आत हिरवं होतं. बुडाशी कोवळे फुटवे आले होते. मी खोटं बोलले होते हे त्यांना कळलं असणारच. बाकीच्या रोपांना मात्र मिरच्या लटकत होत्या. आईंनी एक तोडून चावली, डोळ्यांत पाणी आलं. "आपल्यासारखीच झालीय," त्या म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटलं की मीही रडले. आता आई कुठं जात नाहीत!

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "रोपं लागली बघ. आपा बघेल त्यांच्याकडं. आता माझं तिकीट काढ."

मला रागच आला. "आई, इथं काय कमी आहे तुम्हाला?"

"काही कमी नाही गं. पण काचेतनं ऊन बघत किती दिवस काढू?"

नवरा पुढे बघून गाडी चालवत राहिला. मी हात लांब करून त्यांच्या बाजूची काच खाली केली. गरम वारा भसकन आत आला. आईंनी तोंड तिकडे केलं आणि डोळे मिटले. मी फोन काढला आणि मुंबईची तिकिटं बघायला लागले.