श्वास राहू दे गा

फोन आला त्याच्या पाचेक मिनिटं आधीच वंदनाताईंनी वाचलेल्या ताज्या धड्याच्या रेकॉर्डिंगमधले श्वास कापून मी मूळ फाइलही पुसून टाकली होती. "दादा, आई गेली..." त्यांची मुलगी एवढंच बोलली. सकाळी चहा ठेवता ठेवता कोसळल्या म्हणे. समोरच्या स्पीकरमधून ताई इतिहासाचा धडा वाचतच होत्या आणि तो बंद करायचंही मला सुचलं नाही.

ताई मूळच्या खाप्याच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून द्यायच्या. त्या वाचायच्या आणि मी धरमपेठेतल्या माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत ते रेकॉर्ड करून साफ करायचो. पहिल्याच पुस्तकाच्या सुरुवातीला माझे जुने स्पीकर बिघडले तेव्हा म्हटलं, "ताई, आवाज तुमचा, तर स्पीकरही तुम्हीच निवडा." त्यांनी वाचलेलं एक पान, काहीही न कापलेलं, पेन ड्राइव्हवर घेऊन आम्ही दुकानात गेलो. माझा जीव आठ इंची मोठ्या जोडीवर जडला होता. काय भारदस्त आवाज! दुकान भरून गेलं. ताईंनी नाक मुरडलं. "हे मी नाही गा. हे कोणी मंत्रीणबाई बोलून राहिली." मग पाच इंची छोटी जोडी लावली. बसलेला घसा, मध्येच अडखळणं, श्वास, सगळं जसंच्या तसं ऐकू आलं. ताई खुदकन हसल्या. "हे पाह्य, हे मी आहो. हेच घे." माझं तोंड एवढंसं झालं, पण खरं सांगतो, माझ्या त्या खोलीत मोठी जोडी नुसती घुमली असती. ताईंना इंचबिंच काही कळत नव्हतं, कान मात्र पक्के होते.

आणि इतके खरे स्पीकर घेऊन मी शहाण्यानं केलं काय? श्वास स्पष्ट ऐकू यायला लागले म्हणून एकेक वेचून काढायला लागलो. ताईंच्या ते लक्षात आलं. "काहून गा, माह्या श्वासानं तुह्यं काय बिघडवलं? राहू दे थोडे. पोराईले समजलं पाहिजे, कोणीतरी समोर बसून वाचून राहिलं." मी हसण्यावारी नेलं. "ताई, प्रोफेशनल काम असंच असतं." आग लागो त्या प्रोफेशनल कामाला! मूळ फायली जागा खातात म्हणून त्याही पुसत गेलो. आज ताईंच्या आवाजातली सात पुस्तकं माझ्याजवळ आहेत, आणि सातही पुस्तकांत ताई एकदाही श्वास घेत नाहीत...

तेरवीनंतर कितीतरी दिवस ती खोली उघडायची हिंमत झाली नाही. उघडली तेव्हा टेबलाच्या खणात तो पेन ड्राइव्ह सापडला. दुकानात नेलेलं पान त्यात तसंच होतं. आधी खुर्ची करकरते. मग ताई विचारतात, "सुरू झालं का गा?" रेकॉर्डिंग चालू असलं की मी बोलत नसे, नुसता अंगठा वर करायचो. त्यामुळे तिथं माझं उत्तर नाही, थोडी शांतता आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडलो.

आता रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मी ते पान लावतो. त्यांनीच निवडलेल्या स्पीकरमधून ताई विचारतात, "सुरू झालं का गा?"

मी अंगठा वर करतो... आणि ताई श्वास घेतात.