तिसऱ्या ओळीतल्या मावशी

तीस वर्षं मी दादरच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. रेंट, हायर आणि एम्प्लॉय यांतला फरक सांगताना मी फळ्यावर तीन रकाने आखायचे. खोली रेंटवर घ्यायची, लग्नाचा हॉल हायर करायचा, माणसाला एम्प्लॉय करायचं. "पण बाई, माणसालाही हायर करतात ना?" असं एखादी चुणचुणीत मुलगी विचारायचीच. "करतात, पण काम झालं की त्याला दुकानात परत द्यायचं नसतं," असं मी ठसक्यात सांगायचे आणि वर्ग हसायचा.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला. चिंचपोकळी स्टेशनजवळच्या एका दुकानात पेशंटचा पलंग, व्हीलचेअर आणि सांभाळायला बाई असं सगळं एकदम मिळतं. त्यांचा फॉर्म इंग्रजीत होता. वर 'आयटम्स ऑन हायर' आणि खाली तीन ओळी. मी त्यातल्या स्पेलिंगच्या दोन चुका पेनाने दुरुस्त केल्या आणि तिसऱ्या ओळीत सांभाळायला येणाऱ्या मावशींचं नाव लिहिलं. तेव्हा मला काहीच खटकलं नाही, याची आजही लाज वाटते.

मावशी अकरा महिने आई-बाबांच्या लालबागच्या दोन खोल्यांत राहिल्या. बाबांना कुशीवर वळवायच्या, त्यांची दाढी करायच्या आणि आईशी मालवणीत मनसोक्त भांडायच्या. त्या ताटावर बसल्याशिवाय आई जेवायची नाही.

बाबा गेले. चौथ्या दिवशी सकाळी दुकानातून फोन आला. सामान न्यायला टेम्पो निघालाय, मावशींनाही त्यातूनच पाठवा, त्यांना करी रोडला नवा पेशंट लागलाय. आईने माझा हात घट्ट धरला.

"तेराव्यापर्यंत तरी ठेव गो तिका. माका एकटेक हय रवाक जमाचा नाय."

मी त्या माणसाला विनवलं, मग चढ्या आवाजात इंग्रजीही झाडलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, फॉर्म वाचा. बाईला परस्पर ठेवता येत नाही. ठेवलीत तर आम्ही तिला पुढे काम देणार नाही."

मी मावशींकडे पाहिलं. त्या बाबांच्या चादरींच्या घड्या घालत होत्या.

"नको ताई," त्या म्हणाल्या. "मला कामं यांच्याकडूनच मिळतात."

आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द शिकवले आणि आईसाठी एक सापडेना.

टेम्पो आला. पलंग आणि खुर्ची खाली गेली. टेम्पोवाल्याने मीच भरलेला फॉर्म काढला. त्यात परत आलेल्या वस्तूंच्या स्थितीचा एक रकाना होता. पलंगापुढे त्याने 'गुड' लिहिलं, खुर्चीपुढे 'ब्रेक ढिला'. मावशी पिशवी घेऊन शेजारीच उभ्या होत्या.

"आजींना चहा दिलाय, ताई. रात्रीची गोळी वाटीत काढून ठेवलीय."

रडून त्यांचे डोळे सुजले होते. त्यांच्या ओळीपुढे त्याने 'गुड' लिहिलं आणि फॉर्म माझ्यापुढे धरला. मी सही केली.